विश्लेषण : निधी वाढला, मैदान कुठे? तालुक्याला क्रीडांगणाची जागा मिळते कशी?

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, तर मुलींना ८०० मीटर धावावे लागते. गावात मैदान नसले की हा सराव रस्त्याच्या कडेने होतो. यावल तालुक्यात असा रस्ता म्हणजे केळीच्या ट्रकांची वर्दळ असलेला अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्ग. तालुका क्रीडा संकुलासाठीची अनुदान मर्यादा राज्य सरकारने २०२२ मध्ये १ कोटीवरून ५ कोटी रुपये केली. मात्र हा पैसा धावपट्टी, कुंपण, हॉल अशा बांधकामासाठी आहे. त्याआधी जागा हवी आणि घोडे बहुतेक वेळा तिथेच अडते.

किती जागा लागते?

आठ पट्ट्यांची ४०० मीटरची धावपट्टी सुमारे १७७ मीटर लांब आणि ९३ मीटर रुंद जागा व्यापते. म्हणजे जवळपास चार एकर. प्रेक्षक, पार्किंग आणि इतर खेळांसाठी जागा वेगळी. चार पट्ट्यांची २०० मीटरची धावपट्टी मात्र एक-सव्वा एकरात बसते. तिच्या ८ फेऱ्या म्हणजे १६०० मीटर. १३ बाय १० मीटरचे कबड्डीचे मैदान तर शाळेच्या आवारातही होते. त्यामुळे चार एकर मिळत नाहीत म्हणून काहीच करायचे नाही, हा युक्तिवाद टिकत नाही.

जागा येते कुठून?

मुख्य मार्ग तीन. पहिला, सरकारी पडीक जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार जिल्हाधिकारी अशी जमीन सार्वजनिक कामासाठी राखून ठेवू शकतात. एकदा राखून ठेवल्यावर त्यांच्या मंजुरीशिवाय तिचा दुसरा वापर करता येत नाही. दुसरा, शहराच्या विकास आराखड्यातील आरक्षण. तिसरा, खासगी जमीन विकत, बक्षीसपत्राने किंवा भूसंपादनातून घेणे. पहिला मार्ग सर्वांत स्वस्त आहे. पण गावाजवळची मोकळी सरकारी जमीन बहुधा गायरान असते.

गायरानावर मैदान होऊ शकते का?

होऊ शकते, पण सहज नाही. जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्यानंतर १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने राज्याने गायरानाच्या वाटपावर निर्बंध आणले. पुढे जमीन महसूल अधिनियमात कलम २२-अ आले. दुसरी योग्य जमीन उपलब्ध नसेल, तरच सरकारच्या सार्वजनिक प्रकल्पासाठी गायरान वळवता येते. त्यामुळे ‘पर्यायी जागा नाही’ हे प्रस्तावात कागदोपत्री दाखवावे लागते.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांचे काय?

यावल तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याचे जंगल आणि अभयारण्य आहे. वनहक्क कायदा, २००६ नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने प्रत्येक कामासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. कायद्यात अशा १३ सुविधांची यादी आहे. त्यात शाळा, अंगणवाडी, रस्ता, समाजमंदिर आहे. खेळाचे मैदान नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ मात्र प्रत्येक शाळेला मैदान असावे असे सांगतो. म्हणजे वनजमिनीवर शाळेला वाट आहे, स्वतंत्र क्रीडांगणाला या कायद्यातून नाही. आदिवासी पाड्यांतील मुलांसाठी म्हणूनच शाळेचे मैदान महत्त्वाचे ठरते.

आराखड्यात आरक्षण असले की मैदान झाले?

नाही. नकाशावर ‘खेळाचे मैदान’ असा रंग पडला तरी जमीन मालकाचीच राहते. नगरपरिषदेने ती महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १२६ नुसार ताब्यात घ्यावी लागते. त्यासाठी रोख मोबदला, वाढीव बांधकाम हक्क (एफएसआय किंवा टीडीआर) किंवा भूसंपादन हे पर्याय आहेत. उंच इमारतींची फारशी मागणी नसलेल्या छोट्या शहरांत टीडीआरला गिऱ्हाईक मिळणे अवघड. शेवटी प्रश्न रोख पैशांवर येतो.

दुसरीकडे घड्याळ चालू असते. अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षे उलटल्यावर मालक कलम १२७ नुसार नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप रद्द होते. जमीन वर्षानुवर्षे अडकवून ठेवणे हा मालकावरही अन्यायच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्मिती डेव्हलपर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत काटेकोरपणे पाळण्यावर भर दिला.

खर्च किती?

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात क्रीडा प्रकल्प सार्वजनिक प्रयोजनात मोडतो. शहरी भागात बाजारमूल्य आणि तेवढीच दिलासा रक्कम मिळून मोबदला दुप्पट होतो. ग्रामीण भागात तो चौपटीपर्यंत जाऊ शकतो. समजा, शहरालगत एकरी बाजारमूल्य ५० लाख रुपये धरले, तर चार एकरांचा मोबदला ४ कोटी रुपये होतो. संकुलाच्या बांधकामासाठी मिळणाऱ्या कमाल अनुदानाच्या जवळपास इतका खर्च फक्त जमिनीवर. केळीच्या बागायती पट्ट्यात हे गणित आणखी कठीण.

मिळालेली जागा टिकते का?

नवी मुंबईतील घणसोलीचे उदाहरण बोलके आहे. तेथे २००३ मध्ये शासकीय क्रीडा संकुलासाठी २० एकर जागा ठेवण्यात आली. संकुल झालेच नाही. पुढे सिडकोने त्यातील काही जागा खासगी विकासकाला दिली आणि २०२१ मध्ये सरकारने संकुल सुमारे ११५ किलोमीटर दूर, रायगडमधील माणगाव तालुक्यातील नाणोरे येथे हलवण्याचा निर्णय घेतला. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. जागा वाचली, पण मधल्या दोन दशकांत एक पिढी त्या मैदानाविना मोठी झाली. वापराविना पडून राहिलेल्या जागेवर दुसऱ्यांची नजर जाते, हा यातला धडा.

नागरिकांनी काय तपासावे?

शहरात राहणाऱ्यांनी नगरपरिषदेत विकास आराखडा पाहून मैदानाचे आरक्षण कुठे आहे, आराखडा कधी लागू झाला आणि कलम १२७ ची नोटीस आली आहे का, हे विचारावे. गावात सातबाऱ्यावर जमिनीचा धारक कोण, हे पाहावे. अतिक्रमणाची नोंद तलाठ्याकडील गाव नमुना १-ई मध्ये असते. मैदानाची मागणी ग्रामसभेच्या ठरावात गट क्रमांक आणि क्षेत्रासह नोंदवावी; ‘गावाला मैदान मिळावे’ एवढ्याने प्रस्ताव पुढे सरकत नाही. जागा मिळाल्यावर मोजणी, हद्दीच्या खुणा आणि कुंपण ही कामे आधी उरकावीत. हॉल आणि गॅलरी नंतरही बांधता येते. गेलेली जमीन परत मिळवायला मात्र घणसोलीसारखी न्यायालयाची पायरी चढावी लागते.