आठवीनंतरची डिंडोली

सुरत महानगरपालिकेच्या फेब्रुवारी २०२१ मधील निवडणुकीला ऐतिहासिक म्हणण्याची चाल पडली आहे, आणि ती अयोग्य नाही. १२० पैकी ९३ जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या, यात नवल नव्हते. परंतु उरलेल्या २७ जागा आम आदमी पक्षाकडे गेल्या आणि काँग्रेसच्या वाट्यास एकही आली नाही. आम्हांस त्याहून मोलाचे वाटते ते हे, की दिल्लीच्या शाळांचा दाखला देत मते मागितली गेली. नळ आणि गटारे यांच्या पंगतीत शाळेला पाट मिळाला, हे थोडे नव्हे.

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांना डिंडोली हे नाव अपरिचित असावयाचे. उधन्यालगतच्या या वस्तीत खानदेशातून पोटासाठी आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. पुरुष यंत्रमागावर, बाया घरी साड्यांना टिकल्या लावताहेत, असा तेथील संसार. मूल घरी अहिराणी बोलते, गल्लीत हिंदी, शाळेत पुस्तकी मराठी. त्यात २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती आवश्यक झाली. आम्ही त्या कायद्याच्या विरुद्ध नाही. ज्याला सुरतेत जगावयाचे त्याला गुजराती आलीच पाहिजे. पण चार भाषांचे ओझे वाहणाऱ्या या मुलाला शिक्षकही तसाच जाणता हवा.

महापालिका मराठीसह अनेक माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालविते, हे तिला भूषणावह आहे. खरी अडचण पुढे आहे. शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा चौदाव्या वर्षी मुलाचा हात सोडतो, आणि नेमक्या त्याच वयात कारखाना त्याला हाक मारतो. महापालिकेने माध्यमिक वर्गांसाठी ‘सुमन’ शाळा काढल्या आहेत. तेथे मराठी नववीची जागा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर नसेल, तर मुलीची शाळा तेथेच संपते. बसभाड्याचा हिशेब बाप आधी मुलीच्या नावावरच काटतो.

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले, तेव्हा प्रजेला मत नव्हते. गोखल्यांनी तोच विचार मध्यवर्ती कायदे कौन्सिलात मांडला. १९१२ मध्ये तो ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळला गेला. डिंडोलीच्या यंत्रमाग कामगाराच्या हाती आज मत आहे. त्याने ते वापरून एवढेच मागावे, की आठवी झालेल्या मुलांची नावनिशीवार यादी दरवर्षी व्हावी, आणि नववीत कोण बसले व मागावर कोण गेले, ते सभागृहापुढे यावे. हे काम सत्ताधाऱ्यांचे, तसेच विरोधकांचेही.

आपल्याकडेही काही मागणे आहे. बडोद्यात निवृत्त मराठी शिक्षकांची वाण नाही, आणि सुरत गाडीने अवघ्या दोन तासांवर आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकविण्यास जे तयार असतील, त्यांनी नावे कळवावीत.