तळाच्या माशाला झाडू कोणी दिला?

शोभेच्या माशांच्या दुकानात जाऊन नुसते "एक खालचा मासा द्या" म्हणावे. दुकानदार हसून विचारतो, "सफाईवाला ना?" आणि दोन-अडीच इंचांचा एक मिशाळ जीव पाण्याच्या पिशवीत घालून हाती देतो. गिऱ्हाईक समाधानाने घरी परतते. रंगीत मासे वर मिरवतील, हा खाली त्यांची घाण निपटील! या व्यवहारात कोणालाच काही गैर वाटत नाही. मला वाटते, आणि म्हणूनच हा भांडणाचा सूर.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. शास्त्राचा अधिकार माझा नाही. पण जे डोळ्यांनी पाहता येते त्याला पदवी लागत नाही. या माशाचे नाव कोरिडोरस. आपल्या शिंगाळा-मागुराच्या मिशाळ गोतातला, पण राहणारा दक्षिण अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांचा. लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०३ साली ग्रीक भाषेतले शिरस्त्राण आणि कातडी हे दोन शब्द जोडून हे नाव घडवले. २०२४ साली शास्त्रज्ञांनी या मोठ्या घराण्याच्या वाटण्या करून कित्येक जातींना वेगळी नावे दिली. हौशी लोक मात्र सगळ्यांना अजून कोरिडोरसच म्हणतात. याच्या अंगाला खवले नाहीत. दोन्ही कुशींवर हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा असतात. असा हा चिलखत घातलेला गडी, आणि आपण त्याच्या हाती झाडू दिला!

त्याचे जेवण एकदा नीट पाहा. मऊ रेतीत तो तोंड खुपसतो, मिशांनी चाचपतो, रेती तोंडात घेऊन चाळतो, आतली अळी वा किडा ठेवून घेतो आणि रेती कल्ल्यांवाटे सोडून देतो. ही शोधून मिळवलेली भाकरी आहे. वरच्यांच्या तोंडून सुटलेला दाणा वाटेत सापडला तर तो घेतो, हे खरे; पण तेवढ्यावर त्याचे पोट भरत नाही, आणि विष्ठा तर तो खातच नाही.

घटकाभर मानू की खातो. मग पुढे काय? खाल्लेले पचवून तो पुन्हा त्याच पाण्यात सोडणार ना? टाकीतल्या मळातून अमोनिया होतो, तो माशांना विष. सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही घातकच. त्यापासून पुढे नायट्रेट होते आणि ते साठत जाते. ते बाहेर काढायचे तर पाणी बदलावे लागते. म्हणजे हे काम बादलीचे, आणि बादली उचलणाऱ्या हाताचे. मासा वाढवून घाण कमी होत नाही, वाढते.

हे मी दुसऱ्यांना शिकवतो आहे, पण पहिला गुन्हेगार मीच. काही वर्षांपूर्वी वर्गातल्या मुलांसाठी मी एक टाकी मांडली. तळाशी रंगीत, टोकदार खडे, वर गोल्डफिश, आणि सफाईला हा एकटा. तो वारंवार सरळ वर झेप घेई आणि पुन्हा खाली येई. मी मुलांना सांगितले, "पाहा, किती खेळकर!" पुढे कळले, की हा मासा वर येऊन हवेचा घोट गिळतो आणि आतड्यातून प्राणवायू घेतो. एखाद्या वेळी असे करणे त्याच्या स्वभावातच आहे. पण एकसारख्या फेऱ्या म्हणजे पाण्यातला प्राणवायू संपत आल्याची खूण. तो खेळत नव्हता, गुदमरत होता. खड्यांनी आणि त्यांच्या फटींत कुजणाऱ्या अन्नाने त्याच्या मिशा झिजून खुंट उरले होते. एका सोमवारी तो मेलेला आढळला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, सगळ्यांची घाण त्याने काढायची, मग त्याची कोणी काढायची?" मला उत्तर देता आले नाही.

माणसाने माणसाचा मैला हाताने उचलू नये, हे सांगायला या देशाला १९९३ साली एक कायदा करावा लागला आणि २०१३ साली दुसरा. माणसाची मी माशाशी बरोबरी करीत नाही. मी बोलतो आहे ते आपल्या नजरेविषयी. जो खाली दिसला तो आपल्या घाणीसाठीच जन्मला, असे समजणारी ही नजर काचेच्या पेटीपाशी येऊन अचानक बदलत नाही. आणि मुले ती पेटी पाहूनही शिकत असतात.

"एवढ्याशा माशाचे किती लाड!" असे कोणी म्हणेल. लाड कसले? खाली बारीक, गुळगुळीत रेती घाला. तो कळपाने राहणारा आहे. एकाच जातीचे निदान सहा ठेवा. संध्याकाळी दिवा मालवल्यावर तळाशी जाणारे अन्न त्याच्या नावाने टाका. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. इतके झेपत नसेल, तर मासा आणू नका. रिकामी टाकी कोणाचा जीव घेत नाही.

दिवाळीसाठी आपण घराचा कोनाकोपरा झाडून काढतो. त्याच हातांनी टाकीतला मळही काढावा. मासा आपली रेती चाळायला मोकळा राहील.