घरातला वाचक आणि कादंबरीची समीक्षा

कादंबरीचा वाचक एकटा असतो, हे गृहीतक कादंबरीविषयक आधुनिक विचारात खोलवर रुजलेले आहे. वॉल्टर बेन्यामिन यांनी 1936 मधील आपल्या निबंधात गोष्ट ऐकणारा समूह आणि कादंबरी वाचणारी एकाकी व्यक्ती असा भेद केला. इयन वॉट यांनी 1957 मध्ये इंग्रजी कादंबरीच्या उदयाची मीमांसा करताना व्यक्तिवाद आणि खाजगी अनुभव यांवर भर दिला. मराठी समीक्षेने हे गृहीतक फारशी चिकित्सा न करता स्वीकारले. संस्कृत साहित्यशास्त्रातील 'सहृदय' ही संकल्पना हाताशी होतीच. तीही बहुधा एकवचनीच समजली गेली. परिणामी मराठी समीक्षेत लेखक आहे, संहिता आहे, समाज आहे, आदर्श वाचकही आहे. परंतु एकच कादंबरी एकमेकांच्या हाती देणारी, तिच्यावरून वाद घालणारी घरातील दोन माणसे मात्र कोठेच नाहीत.

वस्तुतः मराठी कादंबरीने ज्या घरात प्रवेश केला, त्या घरात वाचन ही सामूहिक क्रिया होती. चातुर्मासात 'हरिविजय', 'पांडवप्रताप' किंवा 'शिवलीलामृत' लावावे, एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे, हा परिपाठ होता. हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. पुस्तकरूपाने ती 1893 मध्ये आली. क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीचा अंक घरात येतो तो एकट्यासाठी नव्हे. पुढच्या अंकापर्यंतचा काळ हा तर्काचा, हळहळीचा आणि मतभेदाचा काळ असतो. काशीबाई कानिटकरांसारखी स्त्री विवाहानंतर पतीच्या आग्रहामुळे वाचू-लिहू लागते, पुढे स्वतः लेखिका होते आणि आपट्यांशी वाङ्मयीन पत्रव्यवहार करते. या घटनेतही वाचनाचा उगम घरातील नात्यातच आहे.

'पण लक्षांत कोण घेतो' या कादंबरीची विशेषता अशी की, ही वाचनप्रक्रिया तिच्या कथानकातच अंतर्भूत झालेली आहे. यमू आपली कहाणी स्वतः सांगते. तिला हे सांगता येते, कारण तिला लिहिता-वाचता येते. आणि हे सामर्थ्य तिला रघुनाथरावांच्या सहवासात लाभते. एकत्र कुटुंबाच्या धाकातून सुटून मुंबईस गेल्यावर या दांपत्याच्या वाट्याला जे थोडे सुख येते, त्याचा गाभा शिक्षण, वाचन आणि मोकळे बोलणे हाच आहे. रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर मात्र यमूचे सक्तीने केशवपन होते, आणि एका माणसाच्या आधारावर उभे राहिलेले ते जग कोसळते.

ही कादंबरी एकाच घरातील आजी आणि नात यांच्या आवडीची असू शकते. अनेक घरांत ती तशी होतीही. परंतु दोघींची आवड एकच असते काय? आजीच्या लेखी रघुनाथराव हे यमूचे भाग्य. असा नवरा लाभला, त्याने शिकवले, माणूस म्हणून वागवले. पुढचे दुःख हे दैवाचे आणि दुष्ट माणसांचे. नातीला हेच भाग्य खटकते. जे स्वातंत्र्य नवऱ्याच्या चांगुलपणावर अवलंबून असते आणि त्याच्या मृत्यूबरोबर संपते, ते स्वातंत्र्य कसले, असा प्रश्न ती उपस्थित करते. आजीचे उत्तर तयार असते : तेवढेही ज्यांना मिळाले नाही, त्यांना विचार.

या दोन वाचनांपैकी एक भाबडे आणि दुसरे प्रगल्भ, असा निवाडा करणे सोपे आहे. तथापि तो अन्यायाचा ठरेल. संहितेत दोन्ही वाचनांना आधार आहे. यमू पतीविषयी बोलते तेव्हा तिच्या निवेदनात कृतज्ञता ओथंबते. आणि याच निवेदनातून तिची असहायताही उघडी पडते. आपट्यांच्या सुधारणावादाचे बळ आणि त्याची मर्यादा एकाच पात्रात सामावलेली आहे. एकट्या वाचकाला यांपैकी एक बाजू ठळक दिसते. दोघी एकत्र वाचतात तेव्हा त्या दोन बाजूंमधील ताण दिसू लागतो. हान्स रॉबर्ट याउस यांनी 'अपेक्षांचे क्षितिज' काळानुसार बदलते, असे प्रतिपादन केले. या ठिकाणी दोन क्षितिजे एकाच माजघरात, एकाच वेळी समोरासमोर उभी आहेत. स्वीकृतिमीमांसेला याहून मोलाची सामग्री कोणती हवी?

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, घरातील आवड ही भावनिक असते. आईने वाचून दाखवलेले पुस्तक आईमुळे आवडते, पुस्तकामुळे नव्हे. हा आक्षेप अंशतः खरा आहे. परंतु आईने वाचून दाखवलेली सर्वच पुस्तके जन्मभर सोबत राहत नाहीत. काही राहतात, काही गळून पडतात. आणि जी राहतात ती का राहिली, हा प्रश्न निखळ वाङ्मयीन आहे. ममत्वाची छटा वजा करून काय उरते ते तपासणे हे समीक्षेचे काम आहे, संपूर्ण अनुभवच बाद करणे हे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या घरात 'करमणूक' येत होते, ते घर मुख्यतः पुण्या-मुंबईचे, उच्चवर्णीय आणि साक्षर होते. वाचनाचा असा वारसा ज्यांच्या घरात नव्हता त्यांचे काय? आज पदव्युत्तर वर्गात बसणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरातील पहिली कादंबरी ही त्यांनी स्वतः, अभ्यासक्रमासाठी आणलेली असते. तथापि या ठिकाणी सहवाचन संपत नाही, त्याची दिशा उलटते. मुलगी वाचते आणि अक्षरओळख नसलेली आई चुलीपुढे बसून ऐकते. केशवपनाचा प्रसंग ऐकून ती आई ज्या प्रथेविषयी बोलेल, ती आजीच्या आठवणीतील प्रथा नसेल. ज्या समाजांत विधवेचा पाट लागत असे, त्या समाजातील स्त्रीला यमूचे दुःख समजेल, पण यमूचा मुकाटपणा समजेलच असे नाही. तिचे हे न समजणे हाच या कादंबरीवरील एक महत्त्वाचा अभिप्राय होय. पांढरपेशा स्त्रीचे दुःख म्हणजे मराठी स्त्रीचे दुःख, हे समीकरण तो एका वाक्यात मोडून काढू शकतो.

खेदाची बाब अशी की, हा अभिप्राय वर्गापर्यंत पोहोचत नाही. विद्यार्थिनी विभागात येते ती घरातले बोलणे उंबऱ्याबाहेर ठेवून. प्रश्नपत्रिकेला हवी असते ती कादंबरीची रचना, निवेदनपद्धती, सामाजिक आशय. आणि या शीर्षकांखाली लिहिताना आईचे बोलणे अप्रस्तुत ठरते. कालांतराने तिला त्या बोलण्याची लाजही वाटू लागते. शिक्षणाने वाचकाला समृद्ध करावे, ही अपेक्षा. येथे ते त्याला त्याच्या पहिल्या सहवाचकापासून तोडते.

यावरील उपाय फार खर्चाचा नाही. लघुप्रबंधांसाठी लेखकांची सूची पुन्हा पुन्हा फिरवण्याऐवजी एखादी कादंबरी एका कुटुंबातील दोन-तीन पिढ्यांनी कशी वाचली, याची पद्धतशीर नोंद करावयास सांगता येईल. मुलाखत कशी घ्यावी, आठवणीची विश्वसनीयता कशी तपासावी, ऐकलेले विधान संहितेशी कसे ताडून पाहावे, हे शिकवावे लागेल; ते शिकवणे विभागाचे कर्तव्यच आहे. मात्र विलंब परवडणारा नाही. कादंबऱ्या ग्रंथालयात राहतील. त्या ऐकलेल्या आणि वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांचे तसे नाही.

आपट्यांनी आपल्या कादंबरीच्या शीर्षकातच एक प्रश्न विचारून ठेवला आहे. तो यमूच्या दुःखाविषयी आहे, हे सर्वमान्य आहे. परंतु ते दुःख घरोघरी ज्यांनी ऐकले, ऐकून जे काही म्हटले, त्या श्रोत्यांविषयीही तोच प्रश्न विचारता येतो. किमान मराठी विभागांनी तरी त्याचे उत्तर देण्यास आरंभ करावा.