श्रोत्यांचा न्याय

स्वतः गीतें रचून गाणाऱ्या निक ड्रेक ह्या इंग्रज गायकाची ‘पिंक मून’ ही ध्वनिमुद्रिका १९७२ सालीं प्रसिद्ध झाली. अकरा गीतें, अवघीं अठ्ठावीस मिनिटें. एक कंठ, एक गिटार आणि केवळ पहिल्या गीतांत पियानोचे थोडे सूर. त्या वेळीं ती फारच थोड्यांनीं विकत घेतली. १९७४ सालीं, अवघ्या सव्विसाव्या वर्षीं, ड्रेक निवर्तला. पुढें १९९९ सालीं एका मोटारीच्या जाहिरातींत तिचें शीर्षकगीत वाजलें, तेव्हां कोठें खप वाढला.

आज पुष्कळ श्रोते ह्या गीतांत मरणाची चाहूल ऐकूं येते असें म्हणतात. हें मत मला मान्य नाहीं. गीतें आधीं झालीं; मरण मागाहून आलें. सूर उदास आहेत खरे, परंतु शेवटचें गीत तर प्रभातकाळाचें आहे! पूर्वीं लोकांनीं न ऐकतांच उपेक्षा केली. आतां चरित्र वाचून कींव करितात. दोन्ही वेळां गीतें बिचारीं दाराबाहेरच राहिलीं.

विद्यार्थिमित्रहो, कोणाच्याही कृतीचा न्याय करण्यापूर्वीं कर्त्याचें दैव क्षणभर विसरा, आणि ती कृति स्वस्थचित्तानें ऐका. कलावंतास कींव नको असते. कान हवे असतात.