भीति आणि पुरावा

ज्या लसीच्या बळावर देवीचा रोग पृथ्वीतलावरून नाहींसा झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें १९८० सालीं जाहीर केलें, त्याच तत्त्वावरील लसी आपल्या मुलांस टोचाव्या कीं टोचूं नयेत, या विवंचनेंत आमचीं कित्येक सुशिक्षित कुटुंबें आज पडलेलीं दिसतात. या शंकेस आम्ही हंसणार नाहीं. शंका हा विचाराचा आरंभच होय. परंतु आरंभालाच निर्णय समजणें हा विचार नव्हे, आळस होय.

लसीच्या नांवावर अपघात घडलेच नाहींत, असें कोण म्हणेल? १९०२ सालीं पंजाबांतील मलकोवाल गांवीं हाफकीनची प्लेगची लस टोचून घेतलेल्या १०७ जणांपैकीं १९ जण धनुर्वातानें दगावले, आणि दोषाचें खापर मुंबईच्या प्रयोगशाळेवर फुटून हाफकीनला अधिकारपदावरून दूर व्हावें लागलें. परंतु दगावलेल्या सर्वांस एकाच बाटलींतील लस टोचली होती. इतर बाटल्यांपासून कोणासही धनुर्वात झाला नाहीं. पुढें उघड झालें कीं, ती बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता व तो पुरेसा निर्जंतुक न करितांच वापरला गेला. १९०७ सालीं हाफकीन दोषमुक्त झाला. भीतीला उत्तर मिळालें तें उपहासानें नव्हे, तिच्यापुढें मान तुकवूनही नव्हे. बाटल्या मोजून मिळालें.

आजची भीति १९९८ सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत आलेल्या एका लेखापासून बळावली. गोंवर, गालगुंड व रुबेला यांच्या संयुक्त लसीचा स्वमग्नतेशीं संबंध सुचविणारा तो लेख अवघ्या १२ मुलांवर उभारलेला होता. २०१० सालीं त्या नियतकालिकानेंच तो मागें घेतला. उलट, २०१९ सालीं डेन्मार्कमधील साडेसहा लक्षांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत लस घेतलेल्यांत स्वमग्नतेचा धोका वाढलेला आढळला नाहीं. बारा मुलांवर विश्वास ठेवणारे गृहस्थ साडेसहा लक्षांकडे पाठ फिरवितात, याला सावधपणा म्हणावें काय?

लसीनें ताप येतो, दंड सुजतो, क्वचित् तीव्र प्रतिक्रियाही होते. हें झांकणारे अधिकारी लसीचे वैरीच होत, असें आमचें स्पष्ट मत आहे. पण प्रश्न लसीचा धोका कीं निर्धोक अवस्था असा नसून, लसीचा धोका कीं गोंवराचा, असा आहे. शिवाय आपल्या नकाराची किंमत आपणच देतों, असेंही नाहीं. शेजारच्या घरीं नऊ महिने न भरलेलें मूल असतें. त्याला गोंवराची लस अद्यापि मिळालेली नसते. आपल्या दारांतून बाहेर पडलेला रोग त्याच्या दारीं थांबून परवानगी विचारीत नाहीं. भय अवश्य बाळगावें. मात्र तें आधीं पुराव्याच्या तराजूंत घालावें, आणि दुसऱ्या पारड्यांत तें शेजारचें मूल आहे याचा विसर पडूं देऊं नये.