तार तुटली तर?

पाणीपुरवठ्याच्या निविदांमध्ये हल्ली एक ओळ ठरलेली असते: विद्युत ॲक्चुएटर, नियंत्रण संदेश ४ ते २० मिलिअँपिअर, स्काडाच्या जोडणीसह. एवढे लिहिले की काम झाले, असा समज आहे. व्हॉल्व्हवर मोटार बसते, चावीवाल्याची पहाटेची फेरी वाचते, नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर हिरवे ठिपके उमटतात. तार तुटली तर व्हॉल्व्हने काय करायचे, हे मात्र त्या जाडजूड बाडात शोधूनही बहुधा सापडत नाही.

हा आकडा ४ पासून सुरू होतो तो उगाच नव्हे. ४ म्हणजे बंद, १२ म्हणजे अर्धा, २० म्हणजे पूर्ण उघडा. आणि ० म्हणजे तार गेली. ‘बंद हो’ हा हुकूम आणि हुकूमच न येणे, यांची गल्लत होऊ नये म्हणून तळाचे ४ मिलिअँपिअर राखून ठेवलेले असतात. ० ते १० व्होल्टच्या संदेशात ही सोय नाही. तिथे घुशीने केबल कुरतडली तरी ॲक्चुएटरला तो वरिष्ठांचा आदेश वाटतो आणि तो निमूट मिटतो.

पण ४ ते २० घेतले म्हणून निश्चिंत होता येत नाही. करंट गेला हे ॲक्चुएटरला कळते. पुढे काय करायचे ते त्याला आपण आधी सांगून ठेवावे लागते. मिटायचे, उघडायचे की आहे तिथेच थांबायचे, ही निवड झाकणाखालच्या बारीक स्विचांवर किंवा मेन्यूत असते. तिला कोणी हात लावला नाही, तर कारखान्यातून ठरून आले तेच चालते. जलकुंभ भरणारा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर टाकी रात्रभर ओसंडेल. पंपापुढचा मिटला तर पंप आतल्या आत पाणी घुसळत तापत बसेल. गावाकडे जाणारा मिटला तर सकाळी नगरपालिकेवर हंडा मोर्चा. तीन व्हॉल्व्हना तीन वेगळी उत्तरे लागतात, आणि ती जाणणारा माणूस कारखान्यात नाही, गावात आहे. (वीजच गेली तर बॅटरी किंवा स्प्रिंग नसलेला ॲक्चुएटर जिथल्या तिथे थांबतो, तिथे निवडीचा प्रश्नच उरत नाही.)

दुसरी गफलत त्या हिरव्या ठिपक्याची. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकला. पॅनेलवरचा दिवा विझला होता, म्हणून चालकांनी तो मिटला असे धरले. दिवा सांगत होता तो व्हॉल्व्हला गेलेला हुकूम. व्हॉल्व्हची स्थिती नव्हे. दोन तासांहून अधिक काळ थंडाव्याचे पाणी निसटत राहिले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. आपल्या पंपघरात एवढे आक्रित घडणार नाही. पण चार पैसे वाचवायला व्हॉल्व्हची खरी स्थिती कळवणारी परतीची तार गाळली, की आपला पडदाही नुसता हुकूमच दाखवतो.

काम ताब्यात घेताना होते काय? कॅलिब्रेटरवरून ४, ८, १२, १६, २० असे आकडे दिले जातात. काटा पाव, अर्धा, पाऊण करत सरकतो. फोटो निघतो, चहा होतो. टर्मिनलमधून तार उपसून पाहणे हे दोन मिनिटांचे काम, पण ते करून दाखवण्याची हौस ठेकेदाराला नसते आणि मागण्याची सवय आपल्याला नाही. ही चाचणी प्रत्येक व्हॉल्व्हवर घ्यावी, तो कुठे जाऊन थांबला ते रजिस्टरात लिहावे. ॲक्चुएटर बदलला की पुन्हा घ्यावी, कारण नव्या डब्यात ४ म्हणजे उघडा असेही लावलेले असू शकते. आणि नोंदीखाली सही ठेकेदाराच्या माणसाची एकट्याची नको. टाकी ओसंडल्यावर रात्री ज्याला फोन जातो, त्या कनिष्ठ अभियंत्याचीही हवी.