दुकानातला उजेड

आमच्या गावच्या वाचनालयाच्या वार्षिक समारंभाला गेल्या वर्षी अर्थशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक पाहुणे म्हणून लाभले होते. गृहस्थ बोलण्यात तयार. बाजार हा मोठा निःस्पृह परीक्षक आहे, त्याला ना जात कळते ना वशिला, चांगला माल उरतो आणि वाईट आपोआप नाहीसा होतो, असे त्यांचे एकूण प्रतिपादन होते. दाखला म्हणून ते म्हणाले, ‘‘प्लाझ्मा टीव्ही आठवतो का कुणाला? वीज खाणारा, तापणारा, भिंत खाली आणणारा! ग्राहकराजाने त्याला हद्दपार केले. कुणाला फर्मान काढावे लागले नाही!’’ श्रोते हसले. मीही हसलो.

घरी जाताना आगाशीच्या रस्त्यावर मला आठवले की, ती हद्दपार वस्तू माझ्या स्वतःच्या भिंतीवर अजून लटकते आहे आणि रोज संध्याकाळी चालते आहे. तेव्हा हा लेख म्हणजे त्या हसण्याचे प्रायश्चित्त समजावे.

प्रथम माझा अधिकार काय, ते सांगून टाकतो. अर्थशास्त्राचा मला गंध नाही. शिक्षण दहावीपर्यंतचे, पुढे चित्रकलेची पदविका घेऊन शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो. दोन कादंबऱ्या नावावर आहेत. त्या किती जणांनी वाचल्या हे वाचनालयाच्या तारखांच्या शिक्क्यांवरून मोजता येते आणि मोजायला फार वेळ लागत नाही. पण वीस वर्षे मुलांना छायाप्रकाश शिकवल्यामुळे काळा रंग कशाला म्हणतात एवढे मात्र मला कळते, आणि प्रस्तुत खटल्यात तीच साक्ष महत्त्वाची आहे.

२०१० च्या दिवाळीत आम्ही टीव्ही घ्यायला वसई रोडच्या एका दुकानात गेलो. पुढच्या वर्षी क्रिकेटचा विश्वचषक होता, अंतिम सामना वानखेडेवर ठरलेला; घरोघर जुने डबे निघून सपाट पडदे येत होते. दुकानात शिरताच डोळे दिपले. छताला ट्यूबलाइटींच्या रांगा आणि समोर वीस-पंचवीस पडदे एकाच वेळी पेटलेले. त्यांतले बहुतेक एलसीडी. केशरी फुले, निळे मासे, हिरवेगार पोपट, सगळे कसे रंगाच्या बाटलीतून नुकतेच बाहेर काढलेले. कोपऱ्यात दोन प्लाझ्मा होते. त्यांच्या काचेत छताच्या ट्यूबलाइटी आणि आमचीच तोंडे दिसत होती. चित्र त्यांच्यामागे कुठेतरी खिन्नपणे बसले होते.

विक्रेता पोरगा नालासोपाऱ्याचा, हुशार. म्हणाला, ‘‘सर, एलसीडीच घ्या. ब्राइटनेस बघा ना! ह्या प्लाझ्माला कुणी हात लावत नाही.’’

मी त्याला म्हटले, ‘‘बाबा रे, तेवढा कोपऱ्यातला दिवा घालव.’’

‘‘दुकानात दिवा कसा घालवणार, सर? शेठ ओरडतील.’’

अखेरीस शेठ जेवायला गेल्यावर त्याने त्या कोपऱ्याचा दिवा दोन मिनिटे घालवला. आणि मग ते दिसले. कुठल्याशा जुन्या चित्रपटातला रात्रीचा प्रसंग चालला होता. शेजारच्या एलसीडीवर रात्र राखाडी होती, स्लेटपाटी ओल्या फडक्याने पुसल्यावर दिसते तशी. प्लाझ्मावर रात्र म्हणजे रात्र होती, आणि त्या काळोखात बाईच्या गालावरचा कंदिलाचा उजेड वेगळा उमटला होता. मी बेचाळीस इंची प्लाझ्मा घेतला. बारा हप्ते.

हा फरक माझ्या नजरेचा चाळा नव्हे. तो यंत्राच्या घडणीतच आहे. एलसीडीत पडद्यामागे एक दिवा सतत जळत असतो आणि पुढे लाखो बारीक झडपा त्याला अडवतात. झडप कितीही घट्ट मिटली तरी फटीतून उजेड झिरपतोच, आणि म्हणून त्याचा काळा हा राखाडी असतो. प्लाझ्मात मागे दिवाच नाही. दोन काचांच्या मध्ये निऑन आणि झेनॉन वायूंनी भरलेली बारीक कोठारे; माझ्या संचात ती २३ लाखांहून अधिक आहेत. विजेच्या धक्क्याने कोठारातला वायू पेटतो, त्यातून अतिनील किरण निघतात आणि ते आतल्या लाल, हिरव्या, निळ्या लेपाला उजळतात. म्हणजे आपल्या ट्यूबलाइटीचीच मुंगीएवढी भावंडे म्हणा. जिथे काळे हवे तिथले कोठार जवळजवळ विझलेलेच राहते. पायोनियर या जपानी कंपनीने २००७ मध्ये आपल्या प्लाझ्मा संचांना ‘कुरो’ हे नाव दिले. जपानीत त्याचा अर्थ काळा. ज्यांना आपला माल काय आहे हे नीट कळले होते त्यांनी त्याचे नाव उजेडावरून ठेवले नाही, ही गोष्ट प्राध्यापकांनी ध्यानात घ्यावी.

पण दुकानात काळोख विकत नाहीत. तिथे उजेडावर उजेडाची चढाओढ. घरात आपण संध्याकाळी एक दिवा लावून बसतो; दुकानात चाळीस ट्यूबलाइटींखाली उभे राहून त्या संध्याकाळचा निर्णय घेतो. प्राध्यापकमहाशय, तुमचा निःस्पृह परीक्षक तो हाच. गाण्याची परीक्षा मासळीबाजारात घ्यावी आणि ज्याचा आवाज मोठा त्याला पहिला नंबर द्यावा, तशातला हा प्रकार. माल घरी वागवायचा आणि पारख दुकानात करायची, अशी जिथे रीत आहे तिथे जे उरते ते दुकानात चांगले दिसणारे असते, एवढेच सिद्ध होते.

यावर कुणी म्हणेल की, मास्तर, तुम्ही आपल्या वस्तूचे वकीलपत्र घेतले आहे. तेव्हा आरोपीचे गुन्हेही मांडतो. प्लाझ्मा वीज खातो, हे खरे. उजळ चित्र चालू असताना माझा संच अडीचशे वॅटच्या वर जातो. आज त्याच मापाचा एलईडी शंभरच्या आत चालतो. तो तापतो, हेही खरे. मे महिन्यात त्याच्यासमोर बसणे म्हणजे शेगडीसमोर बसणे. वजन इतके की, भिंतीत पट्टी ठोकणाऱ्या माणसाने ‘‘भिंत विटेची आहे ना?’’ असे दोनदा विचारले. लहान मापात तो होत नसे, आणि पुढे पडद्यावरचे ठिपके अधिकाधिक बारीक करण्याची शर्यत लागली तेव्हा त्याची कोठारे तितकी बारीक करणे महाग पडू लागले. एलसीडीचे भाव मात्र दरवर्षी घसरत गेले. ही कारणे खोटी नाहीत. ‘दुकानातल्या उजेडाने प्लाझ्मा मेला’ असे एका वाक्यात मी म्हणणार नाही. पण त्या उजेडाचा त्यात हात नव्हता, असे मला कुणी सांगू नये.

आणि एक दोष फार जवळचा. माझे वडील शेवटची दोन वर्षे खाटेवर होते. जन्मभर वाडीत केळी केली. ती बंद झाल्यावर माणसाने बघायचे काय? सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत एकच मराठी बातम्यांची वाहिनी. ‘‘अण्णा, जरा दुसरे काही लावू का?’’ म्हटले की म्हणायचे, ‘‘असू दे रे, माणसे बोलतायत.’’ प्लाझ्माचा लेप एकाच जागी सतत उजळत राहिला तर तिथे तो इतरांपेक्षा लवकर झिजतो आणि त्या आकृतीचा डाग पडद्यावर कायमचा राहतो. माहितीपुस्तकात हे बारीक अक्षरात छापलेले होते. दुकानात कुणी सांगितले नव्हते. २०१६ मध्ये अण्णा गेले. दिवस झाल्यावर टीव्ही लावला तेव्हा प्रथम दिसले: चित्र फिक्या रंगाचे आले की वरच्या कोपऱ्यात त्या वाहिनीची खूण आणि खाली बातमीपट्टीची लांब सावली उभी राहते. बायको म्हणाली, आता बदलूया. मी नको म्हटले. कारण विचारू नका. वादविवादात त्याचा उपयोग नाही.

खरी लढाई पुढे आहे. २०१८ च्या जुलैत वसईत पाणी भरले, दोन दिवस वीज नव्हती. टीव्ही भिंतीवर उंच होता म्हणून भिजला नाही, पण वीज परत आली ती झटके देत आली. संच मुका झाला. कंपनीचे नाव मी घेत नाही. बाकीच्यांनी वेगळे काही केले असते असे मला वाटत नाही. त्यांचा माणूस आला. मागचे झाकण न उघडताच म्हणाला, ‘‘पॅनेल गेलं. ह्याचा पार्ट आता येत नाही. एक्स्चेंजमध्ये देऊन टाका, हजार रुपये कमी करतो.’’ तपासणीची फी मात्र घेतली.

मग पापडीच्या एका कारागिराला गाठले. वय साठीच्या पुढचे. पूर्वी रेडिओ, मग कृष्णधवल टीव्ही, मग रंगीत, असे तीन युगांचे रोगी त्याने पाहिलेले. त्याने झाकण उघडले, मीटरचे टोक इथेतिथे लावले आणि म्हणाला, ‘‘मास्तर, पॅनेल ठणठणीत आहे. वाय-ससचा बोर्ड गेलाय आणि पॉवरचे दोन कॅपॅसिटर फुगलेत.’’ चार दिवसांनी कुठल्याशा मेलेल्या संचातून काढलेला बोर्ड बसवून त्याने टीव्ही चालू केला. खर्च बाराशे रुपये. मी म्हटले, चार दिवस का लागले? तो म्हणाला, ‘‘सर्किटचा कागद असता तर अर्ध्या दिवसाचं काम. कंपनी कागद देत नाही. आंधळ्यासारखं चाचपत जायचं.’’

अण्णांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ मला आठवतो. त्याच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला सगळ्या सर्किटचे चित्र छापून चिकटवलेले होते. बनवणाऱ्याने गृहीतच धरले होते की, ही वस्तू कधीतरी बिघडेल, कुणीतरी ती उघडेल, आणि त्या अनोळखी माणसाला वाट सापडली पाहिजे. तेवढी माणुसकी एका पुठ्ठ्यावर मावत होती. आज वस्तूच्या पाठीवर ‘उघडू नये’ असे लिहिलेले असते.

प्राध्यापक म्हणतात, प्लाझ्मा ग्राहकाने घालवला. घटना पाहा. पायोनियरने २००९ मध्ये माघार जाहीर केली. पॅनासॉनिकने २०१३ अखेर पॅनेल बनवणे थांबवले, सॅमसंग आणि एलजी यांनी २०१४ मध्ये. धंदा परवडेना, त्यांनी बंद केला; त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे भांडण त्यानंतरच्या गोष्टीशी आहे. विकलेले संच त्या दिवशी मेले नव्हते. ते लोकांच्या भिंतींवर चालू होते, काहींचे हप्तेही चालू असतील. पुढे त्यांना भाग नाही, कागद नाही, आणि दुरुस्तीला आलेला माणूस झाकण न उघडता मृत्यूचा दाखला लिहितो. याला ग्राहकाने घालवले म्हणणे म्हणजे पेशंटचे औषध बंद करून ‘त्याला जगायचे नव्हते’ असे सांगणे होय.

दुसरीकडे हे निराळे होऊ शकते. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून नियम लागू केला की, टीव्हीचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान सात वर्षे ठरावीक सुटे भाग कारागिरांना मिळालेच पाहिजेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात एक संकेतस्थळही उघडले. संकेतस्थळ चांगले आहे. त्यावर फोन नंबर मिळतात. हक्क म्हणजे ‘नाही’ म्हणणाऱ्याला जाब देणे भाग पडते ती गोष्ट, आणि ती अजून यायची आहे. गंमत अशी की, याच टीव्हीचा कचरा झाला तर तो रीतसर परत घेण्याची जबाबदारी २०१२ पासून लागू झालेल्या नियमांनी उत्पादकावर टाकली आहे. मेल्यावर सोय आहे. जगण्यासाठी कॅपॅसिटर नाही.

आपणही धुतल्या तांदळाचे नाही. माझ्याच गल्लीत आणखी दोघांकडे प्लाझ्मा होते. एकाने ‘पॅनेल गेलं’ हे ऐकून संच भंगारवाल्याला तीनशे रुपयांना दिला आणि शेजाऱ्यांना सांगितले की, मोठा हवा होता म्हणून बदलला. फसलो हे कबूल करण्यापेक्षा श्रीमंत झालो असे भासवणे आपल्याला बरे वाटते. दुसरा माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘‘मास्तर, तुमचा अजून चालतो? कमाल आहे!’’ त्याला कारागिराचा पत्ता दिला. गेला नाही. नवा पंचावन्न इंची आणला, त्याच दुकानातून, त्याच ट्यूबलाइटींखाली उभा राहून.

प्लाझ्मा पडद्याचा जन्म १९६४ मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठात झाला. बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन या तिघांनी तो क्रिकेटसाठी किंवा फुले-पोपट दाखवण्यासाठी केला नव्हता. ‘प्लेटो’ नावाचे विद्यार्थ्यांना शिकवणारे संगणकयंत्र तिथे होते आणि त्याला पडदा हवा होता. म्हणजे ही वस्तू मुळात शाळेची. माझ्या घरात ती पुन्हा मास्तराकडे आली, याचे मला उगीचच बरे वाटते.

पापडीच्या कारागिराने यंदा दुकान अर्धे केले आहे. उरलेल्या अर्ध्यात मुलगा मोबाइलची कव्हरे विकतो. मला तो म्हणाला, ‘‘तुमच्या टीव्हीसाठी एक बोर्ड बाजूला ठेवलाय. मी असेपर्यंत काळजी नको.’’

प्राध्यापकांना मी पोस्टकार्ड टाकले आहे. येत्या अमावास्येच्या आसपास एखाद्या संध्याकाळी आमच्याकडे या, चहा घेऊ, मग मी घरातले सगळे दिवे मालवतो आणि तुम्हाला एक रात्रीचा प्रसंग दाखवतो, असे लिहिले आहे. कोपऱ्यातल्या डागाची कल्पनाही देऊन ठेवली आहे. अद्याप उत्तर आलेले नाही.